बावन्न दरवाजे आणि एक नळ

छत्रपती संभाजीनगरात पाहुणा उतरला की त्याला बावन्न दरवाजे दाखवायचं कबूल केलं जातं. साडूभाऊंनीही मला कबूल केलं. उभे आहेत ते फारच थोडे. "बाकीचे?" मी विचारलं. "काही पडले, काही पाडले. पण होते बावन्नच," ते ठामपणे म्हणाले.

उरलेल्या दरवाजांना मात्र विश्रांती नाही. मकई दरवाजाखाली आमची स्कूटर शिरली तेव्हा समोरून दोन रिक्षा, एक बुलेट आणि केळ्यांची हातगाडी एकाच वेळी आत येत होती. कमान हत्ती जाईल एवढी उंच. हत्तीनं ती गर्दी बघितली असती तर परत फिरला असता.

साडूभाऊ माळकरी. त्यामुळे खाण्याच्या यादीत सगळ्यात वर गुलमंडीची इमरती, आणि खाली काहीच नाही. इमरती उडदाची, जिलबी मैद्याची, दोघींना एका माळेत ओवणं हे पाप, हे त्यांनी मला पाक बोटांवरून ओघळत असताना समजावलं. तेवढा वेळ त्यांनी बीबी का मकबऱ्यालासुद्धा दिला नाही.

आणि मकबऱ्याची बिचाऱ्याची अडचण अशी, की येणारा प्रत्येक जण आग्र्याहून परतल्यासारखा बोलतो. ताजच्या वास्तुकाराचा मुलगा अताउल्ला याच्याकडेच हे काम होतं. दिलरस बानू बेगमसाठी, 1660 च्या सुमारास. कारागिरी घरचीच, हात तेवढा आखडता. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि वर घुमटाला. मधे दगडावर चुन्याचा गिलावा. चाळीतल्या न्हाणीघराला कंबरेपर्यंत फरशी लावून वर रंग मारतात, अगदी तसं. खर्च सांगतात 6,68,203 रुपये 7 आणे. मला तर त्या सात आण्यांनीच जिंकलं. बादशहाच्या बेगमेच्या कबरीवर कोणी कारकून आण्यांपर्यंत हिशेब जुळवत बसला असेल आणि वर कोणी तरी विचारलं असेल, "हे सात कशाचे?"

तिथून पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही कोस मातीच्या नळांतून आणून इथं उंचावरून सोडलंय. त्या जोरावर जातं फिरायचं आणि फकीर-वाटसरूंसाठी पीठ निघायचं. सतराव्या-अठराव्या शतकातलं काम. पंप नाही, वीज नाही. त्याच्याही आधी, 1610 मध्ये मलिक अंबरनं इथं खडकी वसवली, तेव्हा पाण्यासाठी नहरी खोदल्या. साडूभाऊ हे सगळं अंगावर तुषार घेत रंगून सांगत असतानाच त्यांचा फोन वाजला. पलीकडून मेव्हणीचा आवाज मलाही ऐकू आला: "अहो, नळ आले!"

या दोन शब्दांचं वजन इथल्या माणसालाच कळतं. पैठणला नाथसागर पसरलेला असला तरी घरातला नळ बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर उगवतो. साडूभाऊंनी इतिहास अर्ध्या वाक्यात सोडला. "मोटर लावावी लागंल, टाकी धुवायची राहिली, तुम्ही रिक्षानं या!" एवढं म्हणून ते मेहमूद दरवाजातून दिसेनासे झाले. मागे पाणी तीनशे वर्षांच्या सवयीनं धो धो पडत होतं.

मी रिक्षावाल्याला विचारलं, "नान-खलिया कुठं मिळेल?" "हौ, बैठो," एवढंच तो बोलला, आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर उमटला.

मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये दिल्ली उचलून दौलताबादला आणली. त्याच्या लष्कराच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ इथं राहिला, असं सांगतात. लष्कर काही वर्षांत परतलं. आपण कुठल्याही अडाणी हुकमाला तुघलकी म्हणतो, पण माझ्यापुढे ती थाळी आली तेव्हा मला तो हुकूम निदान अर्धा तरी शहाणपणाचा वाटू लागला. नान मऊ, पिवळसर, तळहाताहून मोठा. खलियावर लाल तर्रीचा थर. तुकडा बुडवला की तो आधी तर्री पितो, मग मटणाला हात लावू देतो. शेजारचा गृहस्थ न बोलता माझ्या थाळीत अजून एक नान ढकलून गेला. मी पैसे विचारले तर त्यानं हात हलवला.

संध्याकाळी घरी पोचलो. पिंप, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा काठोकाठ भरलेले. साडूभाऊ विजयी मुद्रेनं जिन्यात बसले होते.

"काय खाल्लं?"

"परत इमरतीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशापाशी बघितलं. "मग हे तेल," ते म्हणाले, "उडदाचं का मैद्याचं?"