किती मिलिमीटरचं घर?

डोंगराजवळ राहायला जायचं, असं डोंबिवलीतल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी ठरवलेलं असतं. बहुधा मे महिन्यात, फलाटावर, घाम पुसताना. लोकल आली की आत शिरण्याच्या झटापटीत ती इच्छा फलाटावरच राहून जाते. माझी टिकली. निवृत्तीचे पैसे हातात पडले आणि मी जाहीर केलं, आपण घोटीच्या बाजूला राहायचं. मुलगी नाशिकला, मुलगा ठाण्याला. नकाशावर पट्टी ठेवली की मध्ये घोटी येते.

"पट्टी तशीच ठेवा," ही म्हणाली, "मध्ये कसारा घाटसुद्धा येतो."

मेहुण्याचं म्हणणं आणखी वेगळं. "अरे, त्या बाजूला लोक इगतपुरीला विपश्यनेला जातात. धम्मगिरी १९७६ पासून आहे. पण दहा दिवसांनी सगळे परत येतात. राहायला कोण जातं?"

घोटीच्या फाट्यावर चहा सांगितला की चहाबरोबर एजंट येतो, वेगळा मागवावा लागत नाही. आम्हाला मिळालेले भाऊ उत्साही होते. घर बघायचंय म्हटल्यावर त्यांनी खोल्या किती, बजेट किती, असलं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "साहेब, व्ह्यू कुठला पाहिजे?"

त्यांच्याकडे डोंगरांचं दरपत्रक तोंडपाठ होतं. कळसूबाई राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, त्यामुळे तिचा भाव सगळ्यात वर. अलंग, मदन आणि कुलंग एका खिडकीतून तिघं दिसले तर पॅकेज. कावनईचा किल्ला मध्यमवर्गीयांसाठी. "आणि त्रिंगलवाडी?" मी विचारलं. "तो असाच टाकू साहेब, त्याचे काय पैसे घ्यायचे."

दुसरी गोष्ट म्हणजे, दाखवायची प्रत्येक जागा समृद्धी महामार्गापासून दहा मिनिटांवर होती. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला, आणि तालुक्यातलं एकूण एक खाचर समृद्धीला येऊन चिकटलं. टाकेदही दहा मिनिटं, भावलीही दहा मिनिटं. हिने एकदा न राहवून विचारलं, "दहा मिनिटं कशाने?" तर म्हणाले, "मॅडम, मधला रस्ता झाल्यावर."

घर बघायला कधी यायचं, हे मात्र हिने ठरवलं. लोक इथे हिवाळ्यात घर बघायला येतात. आभाळ स्वच्छ, हवा गार, डोंगर कापून ठेवल्यासारखे दिसतात, आणि माणूस जागेवर बयाणा देऊन मोकळा होतो. ही म्हणाली, "आपण ऑगस्टमध्ये जाऊ. मुलगी दाखवायला नेतात तेव्हा सगळेच नटवून दाखवतात. मला ती भांडी घासताना बघायचीय."

ऑगस्टमध्ये गेल्यावर कळलं, की या भागात माणूस वस्ती निवडत नाही, पाऊस निवडतो. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात सातशेच्या आसपास. दोघांत अंतर फार तर पंचेचाळीस किलोमीटर. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्री चढताना गार होतो, माथ्यावरच सगळा माल उतरवतो आणि पुढे नाशिकला नुसती हजेरी लावून जातो. म्हणजे महामार्गाने गाडी हाकताना दर चार-पाच मैलांना पाऊस उतरत जातो. भाऊ चौरस फुटाचा भाव सांगत होते, आणि मला वाटत होतं, भाव मिलिमीटरने सांगायला हवा.

हे कळायला पर्जन्यमापक लागत नाही, शेतं वाचता आली की झालं. डोंगरउतारावर नागली आणि वरई. खाली सपाटीला पाण्याने भरलेली भाताची खाचरं. आवणी झालेली, रोपं नुकती धरलेली. वाडीवऱ्ह्याच्या पुढे टोमॅटो आणि सोयाबीन डोकं वर काढतं, आणि नाशिकच्या अंगाला जाऊन पोहोचलात की द्राक्षाचे मांडव. भाताला पावसाशिवाय चालत नाही, द्राक्षाला पाऊस चालत नाही. संधिवात असलेल्या माणसाने टोमॅटोच्या आसपास घर घ्यावं, असं माझं मत झालं आहे. वास्तुशास्त्रवाल्यांनी ते लिहून घ्यायला हरकत नाही.

हिची पद्धत माझ्याहून सोपी होती. ती कुठल्याही वस्तीत शिरली की वर बघायची. डोंगराकडे नव्हे, दोरीकडे.

इगतपुरीत दोऱ्या घरात होत्या. आम्ही ज्या घरात गेलो तिथे तर बाहेरच्या खोलीत आडव्या चार दोऱ्या, त्यांवर दोन दिवसांचे कपडे, आणि खाली पाहुण्यांना बसायला खुर्च्या. माझ्या डोक्यावर यजमानांचा पायजमा होता. बोलताना तो मधूनमधून एखादा थेंब सोडायचा आणि घरातली माणसं संभाषण न तोडता खुर्ची किंचित सरकवायची. त्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. काकू म्हणाल्या, "पहिल्या पावसात धुतलेली चादर गोकुळाष्टमीला घडी करते मी." काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवलेली. मीठ बरणीत पाघळून बसलेलं. खुंटीवरच्या कातडी पट्ट्याला मऊसूत हिरवी लव आलेली. न्हाणीघराचा दरवाजा फुगून अडकलेला, तो जूनपासून लागतच नाही. आत कोणी असलं की गाणं म्हणतं, एवढीच खूण.

आणि तरी मला इगतपुरी आवडली, हे सांगितलं पाहिजे. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर आली तेव्हापासून हे गाव गाड्यांच्या हिशेबाने जागतं आणि झोपतं. पंचवटी एक्सप्रेस थांबते. घोटीलाही स्टेशन आहे, पण बहुतेक गाड्या ते नुसतं बघून जातात. इगतपुरीला उतरलं की ढग फलाटावरच भेटतो. मी हे सगळं रंगवून सांगत होतो, तेवढ्यात हिने माझ्या शर्टाच्या खांद्यावर पडलेल्या थेंबाकडे नुसतं बोट दाखवलं.

तिथलीच एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. जुन्या घरांना पश्चिमेकडे खिडक्या नाहीत. असल्या तरी हातभर, आणि जूनच्या आधी भिंतीवरून निळं मेणकापड सोडून त्या झाकून टाकलेल्या. पाऊस तिरपा येतो तो तिकडून. जुनी माणसं त्या बाजूला पाठ करून बसली. नवे बंगले बघा! पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. "फुल व्ह्यू." चार महिने काचेबाहेर पांढरा ढग, आणि काचेच्या फटीतून आत आलेलं पाणी पुसायला खाली पोतं.

वैतरणेच्या रस्त्याला भाऊंनी आम्हाला त्यांचा खास प्लॉट दाखवला. घोटीहून कावनईच्या बाजूने त्र्यंबककडे जाणारा हा रस्ता देखणा आहे असं ऐकून होतो. आम्ही गेलो तेव्हा रस्त्याची पांढरी पट्टी तेवढी दिसत होती. गाडी थांबवून भाऊंनी छत्रीनेच दाखवायला सुरुवात केली.

"हा बघा साहेब, समोर हरिहर."

समोर पांढरं होतं.

"त्याच्या पलीकडं ब्रह्मगिरी."

तेही पांढरंच.

"आणि खाली पूर्ण लेक व्ह्यू."

खाली पांढरं होतं, पण जरा जास्त ओलं. "दिवाळीनंतर या साहेब," भाऊ काकुळतीने म्हणाले, "मग बघा काय दिसतं ते."

लेक म्हणजे अप्पर वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एक. माझं बालपण गोरेगावात गेलं. म्हणजे मी लहानपणापासून याच तालुक्याचा पाऊस पीत आलो होतो, आणि आता पैसे देऊन त्याचं तोंड बघायला आलो होतो. सगळा तालुकाच धरणांचा. वैतरणेचं पाणी घाट उतरून मुंबईला जातं. दारणेचं पूर्वेला गोदावरीत मिळतं. मुकण्याचं नाशिक पितं. इथे एखाद्या धारेवर उभं राहिलं, तर डाव्या खांद्यावर पडलेला थेंब अरबी समुद्राला आणि उजव्यावरचा बंगालच्या उपसागराला निघतो. मी हे कौतुकाने हिला सांगितलं. शेजारून दोन हंडे घेऊन चाललेल्या एका बाईने ते ऐकलं.

"सगळीकडं जातं बाबा," ती म्हणाली. "एप्रिल-मे मधी आमच्या वाडीवर तेवढं टँकरनं येतं."

हिने त्या बाईला विचारलं, उन्हाळ्यात तलाव कुठपर्यंत असतो. बाईने हात लांब केला, मग आणखी लांब केला. लेक व्ह्यू घ्यायचा तर मे महिन्यात चिखल तुडवत बराच वेळ चालावं लागेल, एवढं त्या हातावरून कळलं.

मग हिने भाऊंकडे सातबारा मागितला. भाऊंचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पडला. सातबारा आला मोबाइलवर, पावसात, ओला. जमीन आदिवासी खातेदाराची. महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ सांगतं की अशी जमीन सरकारी परवानगीवाचून बिगर-आदिवासी माणसाला घेता येत नाही. शिवाय शेतजमीन घ्यायची तर आधी आपण शेतकरी असायला हवं, आणि आमची एकूण शेती म्हणजे बाल्कनीतली तुळस. "होतं मॅडम, सगळं होतं," भाऊ म्हणाले. "काय होतं?" "करार होतो ना." ही न बोलता गाडीत जाऊन बसली. तालुक्यातल्या सुंदर जागा अजून सुंदर आहेत त्यात या कलमाचा हात मोठा असावा, असा मला दाट संशय आहे.

सिन्नर रस्त्याला पाऊस बेताचा, जागा मोकळ्या. पण रामनवमीच्या सुमाराला मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या साईंच्या पालख्या याच रस्त्याने जातात. भक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही, स्पीकरबद्दल आहे. वाडीवऱ्हे-गोंद्याकडे कारखाने आणि कारखान्यांसाठी उभ्या केलेल्या इमारती. कपडे संध्याकाळपर्यंत खणखणीत वाळतात. पण तिथल्या बाल्कनीत उभं राहिल्यावर समोर दुसरी बाल्कनी दिसते, आणि तिच्यात आपल्यासारखाच एक निवृत्त माणूस उभा असतो. डोंबिवली सोडायचं कारण उरत नाही.

राहिली घोटी. तिच्याकडे आम्ही घर म्हणून बघितलंच नव्हतं. चहा, जेवण आणि गाडीत हवा भरायला थांबत होतो. त्या दिवशी ही तांदूळ बघायला पेठेत शिरली. घोटी म्हणजे भाताची पेठ, राईस मिलांचं गाव. दुकानात पोती उघडी मांडलेली, इंद्रायणीच्या पोत्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी भूक लागते. दुकानदाराने भाव सांगितला नाही. आधी विचारलं, "ताई, कुकरला लावता की पातेल्यात? नवा आवडतो का जुना? घरात म्हातारं माणूस आहे का?" मी बाहेर छत्रीखाली उभा होतो, म्हातारं माणूस म्हणून हिने माझ्याकडेच हात केला. पेठेत चिखल होता, हमाल होते, हॉर्न होते, कुठल्यातरी गिरणीची घरघर होती. ही पाच किलो तांदूळ आणि एका भाड्याच्या घराचा पत्ता घेऊन बाहेर आली. दुकानदाराच्या चुलतीचं घर, बाजारापासून एक गल्ली आत.

घर पहिल्या मजल्यावर, पूर्वेला तोंड करून. पश्चिमेला शेजारच्या गोदामाची अख्खी भिंत. व्ह्यू नाहीच, खिडकीतून समोरच्यांची गॅलरी आणि त्यांचा पोपट. दोरी मात्र छपराखाली, बाहेर, आणि तिच्यावरचा टॉवेल ही हाताने दाबून बघून आली. "दमट आहे," म्हणाली, "पण ओला नाही." तिच्या हिशेबात हा पहिल्या वर्गातला निकाल होता.

घरमालकीण आजींनी मुलाखत घेतली. "कोण कोण राहणार?"

"आम्ही दोघंच, आजी."

"पाहुणे?"

"येतील मुंबईहून अधूनमधून."

"अधूनमधून म्हंजी पावसाळ्यात. मला ठावं हाये. येत्यात, धबधब्यात भिजत्यात, ओल्या कपड्यांची बोचकी टाकून जात्यात. जिन्यात वाळत घालायचं नाय. नळ सकाळी येतो, तवा उठायचं. अन् पाऊस लय झाला म्हणून माझ्याकडं तक्रार आणायची नाय."

आम्ही सगळं मान्य केलं. आगाऊ रक्कम देत असतानाच जिन्यात पावलं वाजली. भाऊ. घोटीत बातमी ढगापेक्षा खालून चालते. घर तुम्ही दाखवलं नाहीत, दलाली कसली, असं मी म्हणायच्या आधीच ते गच्चीवर जाऊन आले होते.

"साहेब, पाण्याच्या टाकीमागून कळसूबाई दिसती. अर्धी," ते म्हणाले. "अर्धीच दलाली द्या."

ही तांदळाची पिशवी मला देऊन गच्चीवर गेली. टाकीमागे उभी राहून तिने नीट बघितलं. टाकीमागे पांढरं होतं. ती खाली आली आणि भाऊंना म्हणाली, "दिवाळीनंतर या."