मूळचे काटोलचे

तालुक्याच्या गावाला एक आयोजक असतोच. गणपती, कबड्डीचे सामने, निवृत्त मास्तरांचा सत्कार, कुठंही माइकवर 'हॅलो हॅलो' ऐकू आलं की त्यामागे तोच. काटोलच्या आयोजकाला सारे भाऊ म्हणतात. भाऊंची जुनी तक्रार अशी, की काटोलात संत्री आणि पोट्टे दोन्ही झकास होतात आणि दोन्ही बाहेर जातात. संत्र्याचे निदान पैसे तरी येतात.

अशा माणसाच्या कानावर कोणीतरी अर्मेनिया घातला. देशात माणसं तीसेक लाख आणि त्याहून कितीतरी जास्त अर्मेनियन जगभर पांगलेले. १९९९ पासून ही मंडळी येरेव्हानला जमून पॅन-अर्मेनियन स्पर्धा खेळतात. संघ देशांचे नसतात, शहरांचे असतात. म्हणजे बैरुतचे अर्मेनियन लॉस एंजेलिसच्या अर्मेनियनांशी भिडतात, तेही मायभूमीत. भाऊंचा चहा निवला.

"म्हंजे काटोल-हिंजवडी विरुद्ध काटोल-न्यू जर्सी! पाहा ना जी, नियम आयतेच हायेत."

मी म्हटलं, ज्यूंनी हे १९३२ सालीच तेल अवीवला मॅकाबिया भरवून केलं. शिवाय आपल्या रायगडातले बेने इस्रायल तिकडे गेले ते मराठीही घेऊन गेले आणि क्रिकेटही. भाऊंनी कोकण हातानंच उडवून लावलं. "अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ ले बर्लिन ऑलिम्पिकात कबड्डी दाखवून आलं. आमाले कोकनाचं काऊन सांगता?" अमरावतीचं श्रेय काटोलनं कधी घेतलं, हे विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी वही निघाली. संत्र्याच्या व्यापाऱ्याची लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. 'पेट्या' या रकान्यावर काट मारून 'खेळ', 'भाव' खोडून 'सध्या मुक्काम'. पहिल्या पानावर एक इंजिनिअर, कॅलिफोर्निया, गोळाफेक. त्यानं आठवीत एकदा गोळा फेकला होता आणि तो मास्तरांच्या सायकलीवर पडला होता; भाऊंच्या लेखी ही पात्रता.

व्हॉट्सॲपवर आवाहन गेलं. अंगठे भरपूर आले, खेळाडू थोडे. पुणेकर काटोलकरांनी राहायला एसी आहे का विचारलं. दुबईच्या एकानं बुद्धिबळ ऑनलाइन चालेल का म्हटलं. एकानं नुसतंच 'मिस यू काटोल' लिहिलं. भाऊंनी त्याला खो-खोत टाकलं. तारखेवरून मात्र खरी गाडी अडली. दिवाळीत बायका माहेरी, मे महिन्यात मैदानावर पापड भाजून निघतील असं ऊन, आणि आंबिया बहाराची तोड सुरू झाली की स्थानिक संघच बागेत.

एका संध्याकाळी वही माझ्यापुढे आली.

"तुमी मूळचे कुठले जी?"

"नरखेडचा."

भाऊंचं पेन थबकलं. नरखेड म्हणजे शेजारी. शेजाऱ्याला जागतिक स्पर्धेत घ्यायचं म्हणजे घरात भांडण. थोड्या वेळानं आशेनं विचारलं, "आजी?"

"आईची आई काटोलची."

"मंग आधी सांगाचं ना राज्या!" नाव चढलं. "खेळ?"

"गुडघे गेलेत, भाऊ."

"पंच," भाऊ म्हणाले आणि 'सध्या मुक्काम'च्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: परदेश (नरखेड).