ऊन किती तास?

डॅलसच्या मराठी मंडळींत हा एक असतोच. तुम्ही नवं घर घेतलंत की पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतो, "अंगणात ऊन किती तास?" आमच्या वास्तुशांतीत गुरुजी संकल्प सोडत होते आणि हा घड्याळ लावून कुंपणाची सावली मोजत होता.

लॉनचं बी निवडणं म्हणजे त्याच्या लेखी स्थळ बघणं. केंटकी ब्लूग्रास देखणं, पण इथला जुलै सोसायचं नाही. फेस्क्यू सावलीत नांदेल, पण पाण्याला महाग. सेंट ऑगस्टीन खानदानी, त्याचं बी सहसा मिळतच नाही, तयार गालिचेच अंथरावे लागतात. उरलं बर्म्युडा. हजार चौरस फुटांना एक-दोन पौंड बी, तेही जमीन तापल्यावर. तुडवा, जाळा, पुन्हा उठतं. फक्त ऊन सात-आठ तास हवं. तुमच्याकडे किती?

एकाच्या आईच्या अंत्यविधीहून परतताना माझ्या कानाशी पुटपुटला, "दफनभूमीतली हिरवळ बघितलीस? सहा तासांच्या वर ऊन नाही." असल्या माणसाला गाडीतून उतरवून द्यावं, पण गाडी त्याची होती.

मागच्या ऑक्टोबरात त्याचे अण्णा आले, कराडकडचे ऊसवाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या अंगणात उकिडवे बसून म्हणाले, "खुरपं हाय का रं? केवढी हरळी माजलीया!"

बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. शाळा सुटली की बापामागून सरीतनं जिच्या काशा वेचल्या, तीच हा डॉलर मोजून पेरत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? आम्हाला कधी बोलला नव्हता, एवढंच.

खुरपं नव्हतं. त्यानं गॅरेजमधला मोठा स्क्रूड्रायव्हर आणून दिला, दुसरा स्वतः घेतला आणि शेजारी बसला. त्या दिवशी त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. दुपारपर्यंत खाटेएवढा तुकडा मोकळा झाला. खाली माती काळीभोर, थेट गावाकडची वाटावी अशी. अण्णा म्हणाले, "मेथी टाक."

मेथी उगवली, तसं वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं: पुढच्या अंगणात भाजीपाला चालणार नाही. यानं दोन पानी उत्तर धाडलंय, की मेथीच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात, सबब ही लॉनचीच मशागत समजावी. त्यांचा निकाल येईपर्यंत दोन तोडे निघतील असा त्याचा हिशेब आहे. एक जुडी मला कबूल केलीय.