स्थानिक उदाहरण टाळण्याचे शास्त्र

जीवशास्त्राच्या शिक्षकांना स्थानिक पर्यावरणीय वाद हाताळायला शिकवावे, अशी मागणी अधूनमधून होते. हे काम आपल्याकडे चालू आहे आणि उत्तम चालले आहे, याची मागणी करणाऱ्यांना कल्पना नसावी. गेल्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या एका शाळेतल्या प्रशिक्षणाला मीही हजर होतो. वाद कसा हाताळावा, हे तिथे डोळ्यांनी पाहिले.

पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. कुठल्या गावाचे पर्यावरण, हे सांगितले नाही. ही मोकळीक आपल्या शिक्षणव्यवस्थेने किती समंजसपणे वापरली! तज्ज्ञांनी आम्हाला ओझोनच्या थरावर दोन तास दिले. निवड विचारपूर्वक होती. ओझोनच्या थराचा कोणी चेअरमन नसतो आणि तो पालकसभेलाही येत नाही.

पंचगंगेचे तसे नाही. पहिल्या बाकावर कापड-प्रोसेसमधल्या कामगाराचा मुलगा, दुसऱ्यावर ऊस लावणाऱ्याची मुलगी, तिसऱ्यावर पालिकेच्या कर्मचाऱ्याचा नातू. शाळेच्या मंडळावर कोण असते, ते आपण जाणताच. नदीत कोणाचे सांडपाणी जाते, हा गृहपाठ दिला तर त्या रात्री किती घरांत जेवण गोड लागेल? त्यापेक्षा केंदाळ ही जलवनस्पती आहे, एवढे शिकवावे. ती कशावर पोसते, हे विचारणारा विद्यार्थी हुशार असतो. त्याला विज्ञान प्रदर्शनाच्या कामाला लावावे.

दुपारी एका तरुण शिक्षकांनी मात्र थोडा बेशिस्तपणा केला. तेरवाडच्या बंधाऱ्यावर, जिथे उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो, तिथून त्यांनी पाणी आणले होते. काचेची बाटली काठोकाठ भरून, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड जागेवरच घालून, बूच घट्ट लावून. पाण्यात ऑक्सिजन असता तर साका तपकिरी झाला असता. तळाशी बसला होता तो दुधासारखा पांढरा.

सभागृह क्षणभर गप्प झाले. तज्ज्ञांनी बाटली उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, प्रयोग छान. पण हा नमुना अधिकृत नाही."

एवढ्या थोड्या शब्दांत मिटलेला वाद मी पाहिलेला नाही. शिवाय नदीही सहकार्य करते. धरणातून पाणी सुटले की फेस शिरोळकडे जातो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतो, आणि आपला स्थानिक प्रश्न कायदेशीरपणे दुसऱ्याचा स्थानिक प्रश्न होतो.

याच नदीकाठच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली, माणसे गेली. काही घरांना ते साल अजून तिथीसकट पाठ आहे. वर्गात त्याचा उपयोग 'दूषित पाण्यामुळे होणारे आजार' या जोड्या लावण्यापुरता करावा, असे ठरले. गावाचे नाव घालू नये. मुलांचे पाठांतर उगीच वाढते.

बाटली ते शिक्षक परत घेऊन गेले. अहवालात प्रात्यक्षिकाच्या रकान्यात 'समाधानकारक' असा शेरा आहे. चहा मात्र दोन्ही वेळा जारच्या पाण्याचा होता.