भस्मकेतू हाजीर हो!

खलनायकाला मारायची तयारी कशी करायची, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या अंगात बळ किती, वाड्याच्या कुठल्या जिन्यात सापळा, घाव बसल्यावर तो कुठल्या पायरीवरून गडगडणार आणि प्राण सोडताना पानभर काय बोलणार, हे सगळं मी शनिवारी रात्री वहीत उतरवून काढलं होतं, बायकोनं दिवा घालवल्यावर मोबाइलच्या उजेडात, तोंडानं तलवारीचे आवाज काढत. फक्त तो शरण आला तर काय, हे लिहायचं राहिलं.

तो शरण आला.

आधी खेळ सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या न्यायानं तो आमच्या वसमत रोडवर यायलाच हवा होता. पोचायला पन्नासेक वर्षं लागली एवढंच. यात एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा मी. कारण नियमांचं जाडजूड पुस्तक कुणालाच वाचायचं नव्हतं आणि मी ते वाचलंय, असा सगळ्यांचा समज होता.

पुतण्या कृषी विद्यापीठात शिकतो, तो योद्धा. भाची वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती देवळातली पुजारीण. आणि शेजारचे अण्णा, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, ते चोर. हयातभर दुसऱ्यांचे चोर पाहिले, आता एकदा स्वतः होऊन बघतो, म्हणाले.

तर रविवारी दुपारी, बाहेर रस्ता वितळतोय, आत कूलर गुरगुरतोय, पुतण्या खलनायक भस्मकेतूपुढे तलवार काढून उभा, आणि भाची शांतपणे म्हणाली, "मामा, मी त्याला विचारते, शरण येतोस का?" फासा टाकला. वीस पडले. मला असा काही उमाळा आला म्हणता, की मी भस्मकेतूच्या घोगऱ्या आवाजात "येतो" म्हणून बसलो. वीस आले की प्रत्येक गोष्ट साधतेच असं नसतं, तो मान फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. ते पान मी नंतर वाचलं.

पुतण्या म्हणाला, मुंडकं उडवू. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अरे, शरण आलेल्याला मारता होय? बिभीषण आला तेव्हा सुग्रीवही असाच मारा मारा करत होता. हनुमंत म्हणाला, घ्या. आणि राम म्हणाला, रावण स्वतः आला तरी अभय देईन." अण्णांनी बशीत चहा ओतला आणि चंबळ काढलं. १९७२ साली जयप्रकाश नारायणांपुढे मोहरसिंग, माधोसिंग या दरोडेखोरांनी बंदुका ठेवल्या, तेव्हा फाशी द्यायची नाही अशी बोलणी आधी झाली होती. आमच्याकडे बहात्तर म्हटलं की दुष्काळ आणि सुकडी आठवते, पण अण्णांना दुष्काळातही कोर्टकचेरीच आठवते.

मग खटला ठरला. भाचीनं विचारलं, "तुझ्या राज्यात कायदा कुठला?" आता, नऊ देव, चार भाषा आणि ड्रॅगनची वंशावळ मी लिहिली होती, कायदा नव्हता. मी ऐटीत म्हणालो, "आपलाच धरा."

तिनं धरला.

न्यायाधीश मीच, आरोपी मीच, सरकारी वकील मीच आणि साक्षीला आलेली गवळणही मीच. बचावाला भाची, ती म्हणे सरावासाठी. मी घोगऱ्या आवाजात हरकत घ्यायचो, भारदस्त आवाजात ती फेटाळायचो आणि नाजूक आवाजात रडायचो. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, घसा धरलाय का. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्येही गमतीनं मांडलेला खटला एकीवर उलटतो. पण तिथं निदान न्यायाधीश सुटतो.

पहिला पुरावा कबुलीजबाब. मरताना म्हणायचं ते पानभर भाषण वाया कशाला घालवा, म्हणून मी शरण येतानाच भस्मकेतूकडून म्हणवून घेतलं होतं, गावांच्या नावांसकट. भाची उठली. "कबुली कुणापुढे दिली? आमच्यापुढे. आम्ही कोण? मागच्या खेपेला तूच ताम्रपट देऊन आम्हाला राजाचे शिपाई केलंस." पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ला भारतीय साक्ष अधिनियम आला तरी ते तसंच आहे. ताम्रपट मी स्वतः पत्रा कापून बनवला होता. बोटही कापलं होतं.

मग मी ठेवणीतला मंत्र काढला. सत्याचं मंडल, पंधरा फूट त्रिज्येचं, दहा मिनिटं टिकतं, आणि त्यात सापडलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. मात्र गप्प बसता येतं. भस्मकेतू गप्प बसला. आपल्याच पात्राला बोलतं करण्यासाठी आपणच दरडावतो आणि आपणच दाद देत नाही, हा अनुभव घेण्यासारखा आहे. त्यात भाचीनं घटनेचं कलम २०(३) लावलं, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. आणि वर २०१०चा सेल्वी खटला, संमतीशिवाय नार्को चाचणी नाही. मंत्र म्हणजे नार्कोच, मामा.

उरले मेलेले. प्रेताशी बोलायचा मंत्र आहे, पाच प्रश्न विचारता येतात. अट अशी, प्रेताला तोंड पाहिजे. आणि मी, नाव भस्मकेतू शोभावं म्हणून, त्याचा एकूण एक बळी राख करून ठेवला होता. "आणि तोंड असतं तरी," भाची म्हणाली, "मृत्युपूर्व जबाब चालतो. मृत्यूनंतरचा नाही."

अण्णांचं वेगळंच. आरोपीचा पुकारा झाला नाही, वकीलपत्रावर तिकीट नाही, गवळणीला समन्स कामून नाही? चोराच्या पोशाखात बसून ते मला दफ्तर कसं लावतात हे शिकवत होते. पुतण्यानं तलवार कधीच म्यान केली होती, तो शेंगदाणे खात होता.

खटला लांबला. मध्ये पुतण्याची परीक्षा आली, लग्नसराई आली. पुन्हा बसलो तेव्हा वातावरण तयार करावं म्हणून मी डोळे मिटून, हात हलवत सुरुवात केली, "आणि मग काळ सरला, पावसाळा आला नि गेला, येलदरीसारखी धरणं भरली, कोठडीच्या भिंतीवर शेवाळ चढलं, चार महिने लोटले..." इतकं बरं मला क्वचित जमतं. डोळे उघडले तर भाची हसत होती.

"मामा, दोषारोपपत्र कुठाय?"

ते मी लिहिलं नव्हतं. अण्णांनी सावकाश चष्मा पुसला. "मास्तर, असल्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही की जामीन मागणं आरोपीचा हक्क असतो. त्यात न्यायाधीशाला आपली मर्जी चालवता येत नाही."

मी न्यायाधीशाच्या आवाजात जामीन दिला. अण्णा म्हणाले, जामीनदार लागेल, ऐपतीचा दाखला आणि सातबारा असलेला. सगळ्या राज्यात नावावर जमीन असलेलं पात्र एकच निघालं, वेशीवरचा खानावळवाला. तो खेळात प्रत्येकाला उधार भाकरी देतो, आणि त्याचं काम मी करतो.

भस्मकेतू सध्या खानावळीच्या माडीवर राहतो, दोन्ही वेळ जेवतो. दोषारोपपत्र अजून लिहायचंय. तुमच्या ओळखीत फौजदारीचा एखादा जुना लेखनिक असेल तर कळवा. फी देऊ, आणि चहा आई करेल.