बीजनगरीत बियांचं खूळ

आता बोलायचं तरी काय! ज्या जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली, त्याच जालन्यात बायका आता बी कॅलेंडर बघून खायला लागल्यात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफूल. एमआयडीसीत बियाण्याच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायकांच्या डब्यात भाकरी-ठेच्याशेजारी ही पुरचुंडी आलीच. (कारखान्यातल्या औषध चोळलेल्या गुलाबी बियाला मात्र कुणी तोंड लावत नाही, तेवढं शहाणपण आहे.) आणि जिची पाळी गेली, ती काय करते? चंद्र बघते! अमावस्येला जवस, पौर्णिमेला तीळ. सासूच्या चतुर्थीला नाकं मुरडणाऱ्या याच बरं का.

कारण काय, तर "हार्मोनची गोळी नको बाई, केमिकल असतं. हे कसं नैसर्गिक!"

नैसर्गिकचं कूळ ऐकायचंय? पदर लावा तोंडाला. अमेरिकेत १९४२ साली बाजारात आलेली प्रेमॅरिन ही इस्ट्रोजेनची गोळी गाभण घोडीच्या मुतातून काढलेली. याहून नैसर्गिक काय हवं? पुढे रसेल मार्करने मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. इतरांनी सोयाबीनमधल्या स्टिग्मास्टेरॉलपासून. म्हणजे मोंढ्यात पोत्यांनी येतं ते आपलं सोयाबीनच की! पण ही करामत प्रयोगशाळेत होते, पोटात नाही. डायोस्जेनिन मेथीतही आहे. लाडू कितीही खा, शरीराला त्याचं प्रोजेस्टेरॉन करता येत नाही. उलट प्रयोगशाळेतलं प्रोजेस्टेरॉन आपल्या अंगातल्यासारखं हुबेहूब. आता कृत्रिम कोण?

२००२ साली मात्र घोडा बिथरला. ती घोडीवाली गोळी आणि सोबत कृत्रिम प्रोजेस्टिन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात थोडा जास्त दिसला, अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवली, आणि घाबरलेल्या कितीतरी जणी झाडपाल्याकडे वळल्या.

सोयाबीनमधले जेनिस्टीन आणि डेडझीन इस्ट्रोजेनच्या जागेवर जाऊन बसतात खरे, पण जोर अगदीच कमी. शिवाय डेडझीनचं जास्त जोरकस इक्वॉल करणारे जंतू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. बहुधा म्हणूनच एकीच्या गरम वाफा जरा कमी होतात, शेजारणीला ढिम्म फरक नाही. मग शेजारीण रुसते, "तू मला बी जुनं दिलंस!" रुसा, हसा, खा. फक्त पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तर जवस भाजत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

आणि पुरुष काय कमी आहेत? रोलिंग मिलवाल्यांच्या मेसमध्ये सोयावडी ताटाच्या कडेला. खाल्ली की म्हणे बाईपण येतं! अभ्यास झालेत, सोयाने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनला धक्का लागल्याचं दिसलेलं नाही. पण ऐकतंय कोण? वडी बाजूला सारायची, तिचाच रस्सा ओरपायचा आणि वर तंबाखूची चिमूट दाढेखाली.