मधल्या भागाचे काका

पहिला भाग न वाचता दुसऱ्या भागावर छातीठोकपणे बोलणारा वाचक प्रत्येक तालुक्यात एक तरी असतोच. मानवतचे आमचे काका त्यातले. सगळी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-मानवतच्या पट्ट्यात झाली. "हेडला काय चाललंय ते आम्हाला कधी कळलं नाही, अन् टेलला पाणी पोचलं का ते आम्ही कधी विचारलं नाही. मधलं गेट सांभाळलं अन् पेन्शनीत निघालो," असं ते अभिमानाने सांगतात. वाचनाचंही तेच.

वाचनालयात अमीश त्रिपाठींची शिवत्रयी आहे, म्हणजे रजिस्टरात आहे. 'मेलुहाचे मृत्युंजय' कुणाच्या तरी सुनेबरोबर पुण्याला गेलं ते गेलंच. 'वायुपुत्रांची शपथ' बाइंडिंगला. कपाटात उरलं 'नागांचे रहस्य'. मूळ इंग्रजीत हा दुसरा भाग २०११ साली आला आणि तिसऱ्यासाठी वाचकांना २०१३ पर्यंत ताटकळावं लागलं. काका एक दिवस ताटकळले नाहीत.

"पयल्या भागाची गरजच काय? शंकर कोण, सती कोण, दक्ष कोण, हे आता मला पुस्तकानं सांगायचं का? सप्त्याला चौथ्या दिवशी जाऊन बसलं तर महाराज काय मागचं परत सांगायलेत?"

मुद्दा बिनतोड. घोटाळा एवढाच की अमीशनी नावं पुराणातली ठेवली आणि नाती आपल्या मनाने लावली. इथे काली ही सतीची जुळी बहीण. गणेश हा सतीच्या पहिल्या लग्नातला मुलगा. दोघंही जन्मतः व्यंग घेऊन आलेली, म्हणून 'नाग' ठरवून दूर केलेली. सतीचं पहिलं लग्न वाचल्यावर काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. ओळ तीच होती. "पयल्या भागात समजावलं असंल," म्हणून त्यांनी पान उलटलं. ही त्यांची पद्धत: न पटलेलं पहिल्याच्या खात्यावर टाकायचं, न कळलेलं तिसऱ्याच्या. मधला भाग कायम निर्दोष राहतो. पहिला भाग वाचलेल्या पुतण्याने "तसं त्यात काही नाही" म्हटलं, तर उत्तर तयार: "तू नीट वाचला नाहीस."

कादंबरीचा शेवट तर त्यांनी पार वाया घालवला. शिव नागांच्या राजधानीत, पंचवटीला पोचतो आणि तिथल्या शाळेत त्याला बृहस्पती दिसतो. पहिल्या भागात स्फोटात मेला असं सगळ्यांनी धरलेला जिवलग मित्र! देशभरातल्या वाचकांच्या छातीत इथे धस्स झालं. काका शांत. "गुरुजी शाळेत सापडला," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "तसं म्हटलं तर नवलच हाय."

पण पंचवटीवरून ते खरे पेटले. ती गोदावरीकाठी, म्हणजे नाशिकच्या अंगाला, म्हणजे वर. बाकी वाचक नागांना त्यांच्या चेहऱ्यांमुळे भितात. काकांचा आक्षेप वेगळा आहे: हे लोक नदीच्या वरच्या अंगाला बसलेत. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ साली झाला, तरी पाऊस कमी पडला की वरच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचं यावरून भांडण ठरलेलं. ज्याने नोकरीभर शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला वरच्या अंगाच्या माणसाबद्दल प्रेम कुठून येणार? ब्रंग देशात रोग पसरतो आणि त्याचं औषध या नागांकडेच असतं, इथवर आल्यावर काकांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "लिहून घे. शेवटी भानगड पाण्याचीच निघणार. कुणीतरी वर पाणी अडवलंय नाहीतर नासवलंय."

आम्ही हसलो. मग पुतण्याने मोबाइलवर तिसरा भाग वाचून काढला. सोमरस बनवायला सरस्वतीचं पाणी बेसुमार लागतं, त्याने नदी आटत चाललीय. सोमरसाचं विषारी सांडपाणी वरून दुसऱ्याच एका नदीत सोडतात आणि तेच खाली ब्रंगांना भोवतं. नाग सुटले, पण निदान शंभर टक्के बरोबर.

हे अजून कुणी काकांना सांगितलेलं नाही. मानवतला कुणाचं जाणं झालं, तर तुम्हीही सांगू नका. नाहीतर ते आयुष्यात पुन्हा कुठलाच पहिला भाग हातात धरायचे नाहीत.